आकाशी शिडी

पायलट हा शब्द कानावर पडला की अजूनही माझं डोकं सटकतं. परवा नातू ऑफिसातून आला आणि तोंड पाडून म्हणाला, "आजी, आमचा पायलट प्रोजेक्ट फसला." मी म्हटलं, "फसणारच. त्या शब्दानं एकदा आमचं अख्खं घर फसवलंय." तो हसला आणि कानात ती बोंडं खुपसून आत निघून गेला. रस्त्यानं मंत्र्याच्या गाडीपुढे कोकलत धावते तीही पायलट. एका शब्दानं किती जणांच्या चाकऱ्या कराव्यात, याला काही सुमार? आमच्या वेळी निदान एकच अर्थ होता, विमान चालवणारा माणूस. लोहगावच्या विमानतळावरची विमानं आमच्या डोक्यावरून जायची, त्यामुळे त्यात कुणाला शंकाही नव्हती. आणि नेमका तोच अर्थ आमच्या नशिबी चुकीचा निघाला.

चिंचवडला रुळांपलीकडे आमचं पत्र्याचं घर होतं आणि घराला चिकटून बाबांची शेड. बाबा सुतार, मूळचे चाकणकडच्या एका खेड्यातले. आजूबाजूला एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या. त्यांची यंत्रं, सुटे भाग परगावी जायला लाकडी खोकी लागायची, ती बाबा करून द्यायचे. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत आमच्याकडे करवत सुरू झालेली असे. भाकरीत भुसा, अंथरुणात भुसा, माझ्या वेणीत भुसा. शाळेत मुली मला "भुसावळ" म्हणून चिडवायच्या आणि मी एकदोघींच्या झिंज्याही उपटल्या होत्या. स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर. पत्र्याच्या डब्यात मधोमध काचेची बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासठासून भरायचा आणि मग बाटली अलगद वर ओढून काढायची, की मध्ये जाळ जायला भोक राहतं. हे काम माझं. भुसा सैल राहिला तर शेगडी धूर ओकायची आणि आई माझा उद्धार करायची.

आई कोकणातली, होड्या बांधणाऱ्या सुताराची मुलगी. तिला भात नसला तर जेवल्यासारखं वाटायचं नाही आणि बाबांना बाजरीची भाकरी नसली तर. त्यामुळे आमच्याकडे रोज दोन घरांचा स्वयंपाक व्हायचा आणि दोन्ही घरांची भांडी मी घासायची. आईचा थोरला भाऊ, आमचा जनूमामा, मुंबईच्या बंदरात लाँचवर खलाशी होता. लाँच म्हणजे मोटारीवर चालणारी छोटी बोट, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्या बोटीवर तो नेमकं काय करतो, हे आमच्यापैकी कुणी त्याला विचारलं नव्हतं. लाँचवर आहे म्हणजे आहे. वर्षातून एकदा यायचा, येताना सुकट आणायचा आणि तिच्या वासानं शेजारीपाजारी नाकाला पदर लावायचे, एवढीच आमची आणि समुद्राची ओळख.

बाबांच्या मनात एक सल होता आणि तो ते आम्हाला उठताबसता ऐकवायचे. ते एकदा एका कंपनीत खोकी पोचवायला गेले होते. तिथे बाहेरून आलेलं दुसऱ्या कुणा सुताराचं खोकं हमालांनी पहारीनं फोडताना त्यांनी पाहिलं. एक फळी धड ठेवली नाही. संध्याकाळी त्या फळ्या कुणाच्या तरी बंबात गेल्या. "आरं, चार खिळं उपसून नीट उघडा की, काय कापरं भरलंय का हातास्नी!" असं ते तिथं ओरडलेही म्हणे, आणि सगळे हसले. तेव्हापासून रंधा मारता मारता मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "सुमे, माझं काम फोडायसाठीच असतंय बघ. टिकंल असं काय बी माझ्या हातनं झालं न्हाई." मला तेव्हा राग यायचा. खोकी विकून पोट भरतंय ना, मग कसलं दुःख? पण ते दुःख खरं होतं, आता मला कळतं.

अशात मुंबईहून एक शेठ आला. कंपनीच्या स्टोअरमधून बाबांचं नाव कळलं म्हणाला. त्यानं मोटारीच्या डिकीतून एक दोराची शिडी काढून जमिनीवर टाकली. लाकडी रुंद पायऱ्या, दोन्ही बाजूंना जाड दोर, पायऱ्या दोरात सुतळीनं आवळून बांधलेल्या. शिडी जुनी, लाकूड करडं पडलेलं, रंग ना पॉलिश. शेठ म्हणाला, "अशीच बनवा मिस्त्री, पण जरा चांगली बनवा. पायलटसाहेब लोक चढतात हिच्यावर." एवढं बोलून गेला. बाबा त्या शिडीभोवती दोनदा फिरले आणि त्यांचा चेहरा असा फुलला की तसा मी कधी पाहिला नव्हता. आई दारातून म्हणाली, "ही जहाजाची शिडी आहे. आमच्याकडे असल्या बघितल्यात मी." बाबा म्हणाले, "पायलट म्हनला त्यो. जहाजावर पायलट असतोय व्हय? काय बी बोलती." आई म्हणाली, "मग विमानाला दोराची शिडी कशाला?" त्यावर बाबा चिडले आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे.

चांगली बनवा! या दोन शब्दांनी घात केला. बाबांनी पाडलेल्या घराच्या सागवानी तुळया मिळवल्या. पायऱ्या अशा रंधल्या की गालाला लावाव्यात. तुळयांत कुठे जुन्या खिळ्यांची भोकं होती, कुठे लाकडात गाठी. खोक्यांत गाठ आली तर बाबा काय करत, लांबी भरत. लांबी म्हणजे खडूची पूड आणि तेल मळून केलेला लगदा. ती वाळली की घासायची, वर रंग मारायचा, गाठ कुठे होती ते ब्रह्मदेवालाही सापडू नये. इथेही त्यांनी तेच केलं. हात बसलेला, दुसरं काही सुचणार कसं? दोर आवळायचं काम मात्र आईनं केलं. होडीवाल्यांच्या घरातली पोर ती, तिच्या गाठी बाबांना पकडीनंही सुटेनात. आणि मग रंग. बाबा मुद्दाम पिंपरीच्या बाजारात गेले आणि चमकणारा तैलरंग घेऊन आले. आकाशी. का, तर पायलट आकाशात जातो.

दोन शिड्या झाल्या आणि शेठची माणसं येऊन घेऊनही गेली. तिसरी शेडच्या आढ्याला टांगलेली होती, पुढच्या खेपेसाठी. येईल त्याला बाबा ती दाखवायचे. "भाऊ, हिच्यावरनं पायलट चढतोय इमानात." वरून विमान गेलं की हातातलं काम टाकून बाहेर यायचे आणि कपाळावर हात धरून बघत राहायचे. आळीत त्यांना कुणी खोकेवाला म्हणेना, शिडीवाले नाना म्हणू लागले. मी त्यांना इतकं खूष त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतर तर नाहीच.

दिवाळीनंतर जनूमामा आला. हातात सुकटीची पिशवी, खांद्यावर तांदळाचं बोचकं. पाय धुवायला शेडच्या बाजूनं गेला आणि तिथेच थबकला.

"रंग कोणी मारलान हिला?"

"मीच," बाबा छाती फुगवून म्हणाले. "दोन हात मारल्यात. कसा काय?"

"भावोजी, ही जाणार कुठे?"

"इमानावर. पायलट चढायला."

मामा हसायला लागला. हसता हसता खोकला, डोळे पुसले, आणि मग एकदम त्याचं हसू मावळलं. "विमानाचा नाय हो, बंदराचा पायलट," तो म्हणाला. "परदेशातनं जहाज येतं. त्याच्या कप्तानाला आपल्या बंदरातलं काय ठाऊक? कुठे खडक, कुठे गाळ. म्हणून आपला माणूस भर समुद्रात जाऊन त्या जहाजावर चढतो आणि ते आत आणतो. तो पायलट. आणि त्याला जहाजापर्यंत नेते ना, ती आमची लाँच." इतक्या वर्षांनी आम्हाला कळलं, की मामा लाँचवर काय करतो. आईसुद्धा तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

मामानं एक तळहात उभा धरला, ते जहाज. दुसरा त्याच्या कडेनं वरखाली करू लागला, ती लाँच. "जहाज थांबत नाय. ते चालतं, आमी त्याच्या अंगाला लागून चालतो. वरनं शिडी सोडलेली असते. लाँच लाटेबरोबर वर जाते, खाली बसते, वर जाते. खाली असताना शिडी धरायची नाय. अगदी वर आली, आता उतरणार, तेवढ्यात साहेबानं दोन्ही दोर धरायचे, पाय टाकायचा आणि भराभर वर सुटायचं. घुटमळला तर पुढची लाट लाँचला परत उचलते आणि मधे पाय सापडला तर अडकित्त्यात सुपारी. मी साहेबाच्या मागे उभा असतो. लाट बघून मीच ओरडतो, आता! आणि भावोजी, शिडी आमची नसते. ज्या जहाजावर चढायचं, त्याची. कोणी केलीन, कोणी बांधलीन, काय ठाऊक नसतं. बाजूला लागेपर्यंत खालून जेवढी दिसेल तेवढीच बघायची. तिच्यावर रंग असला तर बघू काय, कपाळ? भेग दिसत नाय, गाठ दिसत नाय. आणि खारं पाणी पडलं की पाय असा निसटतो, रंगापेक्षा शेवाळ बरं."

बाबांचा चेहरा उतरत गेला. "म्हंजी माझ्या कामात खोट हाय?"

"कामात नाय हो, रंगात."

"शेठला आवडला रंग."

"शेठ चढतो काय तिच्यावर?"

झालं! बाबा माझ्याकडे वळले. "सुमे, तुज्या मामाला सांग, ज्याचं काम त्यानं करावं." मामा तिथेच, हाताच्या अंतरावर उभा. तो म्हणाला, "गो सुमे, तुझ्या बापाला विचार, बाकीच्या शिड्या कुठे आहेत." "सांग त्याला, गेल्या." जेवतानाही तेच. "मामाला भाकर हवी का इचार." "बापाला सांग, पोट भरलं." दोन चाळिशीतले बाप्ये मांडीला मांडी लावून बसलेले आणि निरोप्या मी! मी मध्येच ताट सरकवून उठले आणि म्हणाले, "तुमची तोंडं शिवलीयत का?" तर आईनं मलाच दटावलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मामा निघून गेला. एरवी आठवडाभर राहायचा. आईनं बांधलेली शिदोरी त्यानं घेतली, पण बाबांना "येतो" म्हणाला नाही.

चारपाच दिवस गेले. मग एका दुपारी मी शेगडी भरायला बसले तर बाटली सापडेना. शेडमध्ये जाऊन बघते तो आईनं बाटली फोडलेली. टांगलेली शिडी खाली ओढून ती जमिनीवर बसली होती आणि काचेच्या तुकड्यानं पायरीवरचा रंग खरवडत होती. मी म्हटलं, "अगं, आता शेगडी कशी भरू?" तिनं वर पाहिलं नाही. आकाशी साली तिच्या लुगड्यावर पडत होत्या. खरवडता खरवडता एका पायरीच्या मधोमध रंगाखालून पांढरी लांबी निघाली. आईनं ती उकरली. खाली गाठ होती, काळी, सुटलेली. बोटानं दाबली तर हलली.

बाबा आले ते दारातच उभे राहिले. मला वाटलं, आता भडका उडणार. पण भडका आईचाच उडाला. जन्मात ती बाबांशी तशी बोलली नव्हती. "पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ही जहाजाची शिडी आहे. या घरात माझं ऐकतं कोण? शिडी तुटली तर तो पायलट कुठे पडतो, माहीत आहे? खाली लाँच असते. लाँचवर माझा दादा हात वर करून उभा असतो. त्याच्या डोक्यावर पडेल तो! माझ्या दादाच्या डोक्यावर, तुमच्या शिडीवरून!" आणि काच फेकून देऊन ती तिथेच रडायला लागली. 

बाबांनी ती पायरी दोरातून सोडवायचा प्रयत्न केला. आईच्या गाठी, त्या सुटेनात, शेवटी त्यांनी करवतीनं सुतळी कापली. पायरी दोन विटांवर आडवी ठेवली आणि तिच्यावर उभे राहिले. टिकली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही म्हणावं. मग त्यांनी जागच्या जागी उडी मारली. पायरी गाठीतून कडकन मोडली आणि बाबा गुडघ्यावर आले. उठले, कपडे झटकले आणि खुंटीवरची टोपी घेऊन तसेच स्टेशनकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. शेडच्या उंबऱ्यावर बसून पाणी प्यायले. "गेल्या," म्हणाले. "कंच्या जहाजावर, ते शेठला बी ठावं न्हाई. म्हनला, दुकानात माल येतोय, जातोय. रंग झकास हाय म्हनला. आनखी द्या तशाच." आईनं विचारलं, "मग?" "न्हाई म्हनलो. बिनरंगाच्या देतो म्हनलो, तर हसला. कच्च्या नको म्हनला." शिड्यांचं काम तिथेच संपलं. पुढे मामीकडून आम्हाला कळलं की शेठकडून निघून ते विचारत विचारत मामाच्या खोलीवर गेले होते. दारातच उभे राहून म्हणाले, "आकाशी हायेत. दोन. दिसली तर कुनाला चढू देऊ नका." मामानं आत या म्हटलं तरी आत गेले नाहीत.

त्यानंतर पुन्हा खोकी. पण आमच्या घरात एक नवीन पीडा शिरली. मामा दरवर्षी यायचा, आणि त्यानं उंबरा ओलांडायच्या आत बाबा विचारायचे, "दिसली का?" प्रवास कसा झाला नाही, पाणी घ्या नाही, बस म्हणणं नाही. "दिसली का?" मामा पिशवी खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "नाय." की बाबा वळून शेडमध्ये. मग करवतीचा आवाज, रात्री जेवण होईपर्यंत. माझ्या लग्नात मामा आला तेव्हा मांडवात, व्याह्यांच्या देखत, तेच. थोरल्याच्या बारशाला आला तेव्हाही बाबा दारात, "दिसली का?" माझ्या सासूबाईंना वाटलं, मुलगी आहे की काय विचारतायत. त्या म्हणाल्या, "अहो, मुलगा आहे!" मला हसू की रडू कळेना. मी बाबांना एकदा तोंडावर म्हटलंही, "पुरे करा की आता. तुम्ही सांगायला गेलात, विचारायला गेलात, आणखी काय करायचं माणसानं?" ते म्हणाले, "तुला न्हाई कळायचं." कळत होतं हो मला. पण एवढ्या मोठ्या समुद्रात दोन शिड्या, आणि हा माणूस चिंचवडला पत्र्याखाली बसून त्यांची वाट बघणार, हे बघून माझा जीव नुसता चिडायचा.

मामानं मात्र कधी थट्टा केली नाही. एकदा मला म्हणाला, "आता जहाज दिसलं की आधी माझी नजर शिडीवरच जाते गो. साहेबसुद्धा विचारतात, जनार्दन, काय शोधतोस?" एका वेळी लाँच बाजूला लागताना त्याला निळसर काहीतरी दिसलं म्हणे. त्यानं साहेबाचा दंड धरून ठेवला, चढू देईना. शिडी वर ओढायला लावली, दुसरी सोडायला लावली, साहेब चिडला, जहाजावरचे गोरे चिडले. नंतर कळलं की ते दोराला गुंडाळलेलं ताडपत्रीचं फडकं होतं. हे त्यानं मला सांगितलं, बाबांना नाही.

मग मामा रिटायर झाला. लाँचवरच्या लोकांनी त्याला हार घातला, शाल दिली, आणि तो पेढे घेऊन थेट आमच्याकडे आला. मी तेव्हा माहेरी आले होते. आई दारात ओवाळायला उभी. मामाच्या कपाळाला कुंकू लागतंय तोच बाबा शेडमधून बाहेर आले. हातात पेढा दिला मामानं. "भावोजी, सुटलो. आता घरी."

बाबा पेढ्याकडे बघत राहिले. "रिटायर कशाला झालात?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढत गेला. "कुनाला इचारून? आता बघनार कोन?"

"अहो, वय झालं. सरकारी नियम आहे," मामा म्हणाला. मग समजुतीच्या सुरात, "एवढी वर्षं कुठली शिडी टिकते हो? दोर केव्हाच कुजला असेल."

"दोर कुजंल. कुजला की पायऱ्या काडून नव्या दोराला बांधत्यात, तुमीच सांगितलंय. सागाच्या हायेत पायऱ्या." बाबांच्या हातात पेढ्याचा चुरा झाला होता. "जल्मभर माझं काम लोकांनी पहारीनं फोडलं आन बंबात घातलं. आन जे फोडायचं, तेवढंच टिकनार हाय."

 आईच्या ताम्हणातलं निरांजन वाऱ्यानं विझलं, तिनं पुन्हा पेटवलंही नाही. बाबांनी चुरा तोंडात टाकला आणि शेडमध्ये गेले. मामा ओट्यावर बसला, गळ्यातली शाल काढून घडी घालत राहिला.

महिन्याभरानं मी पुन्हा माहेरी गेले होते तेव्हा मामी आली, ती आईकडे गाऱ्हाणं घेऊनच. "वन्सं, माणूस रिटायर झालाय तरी सकाळी चहा घेऊन रोज धक्क्यावर जाऊन बसतो. उन्हातान्हात. जहाजांकडे डोळे लावून. मी म्हटलं, काय राहिलंय तुमचं तिथे? तर चपला घालून चालायला लागतो. तुम्ही तरी सांगा त्यांना." धक्क्यावरून एवढ्या लांबच्या जहाजाच्या शिडीचा रंग दिसतो का, हे मला माहीत नव्हतं आणि मामाला विचारायची माझी छाती झाली नाही. मामीचं बोलणं सुरू होताच शेडमधली करवत थांबली होती. आई तांदूळ निवडत होती, तिनं सुपातून मान वर केली नाही.

"बसू दे त्याला," ती म्हणाली.